नऊ किलोमीटरचा फरक

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला खरे बोलण्याची सवय लागते, असा लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. त्याला टॅली जुळवण्याची सवय लागते. या दोन सवयी लांबून सारख्या दिसतात, इतकेच. संध्याकाळी कॅश मोजताना दहा रुपये कमी भरले, तर कॅशियर ते मुकाट्याने आपल्या खिशातून घालतो. दहा रुपये जास्त भरले, तर मात्र त्याला घाम फुटतो. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या हेडकॅशियरनी मला सांगितले होते, "कमी आलेले दहा रुपये आपले असतात. जास्त आलेले कुणाचे तरी असतात. भ्यायचं ते जास्तीला." बी.कॉम.च्या तीन वर्षांत इतके उपयोगी वाक्य मला कोणी शिकवले नव्हते.

हे सांगायचे कारण असे, की गेल्या जानेवारीत माझ्या हिशेबात नऊ जास्त आले. रुपये नव्हेत, किलोमीटर.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही येते. तिचा नेमका अर्थ मला आजवर कोणी समजावून दिलेला नाही; पण जर्मनीत म्हणे साठी ओलांडलेली माणसेसुद्धा सायकल चालवतात, हे कळल्यापासून आमच्या काही मंडळींनी तो आपल्या सोयीने लावून घेतला. एक निवृत्त क्रीडाशिक्षक (आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो), एक दातांचे डॉक्टर, एक कापडाचे दुकानदार, कृषी विद्यापीठातले एक प्राध्यापक आणि इतर तीन-चार मंडळी पहाटे सायकली फिरवू लागली. एखादे काम चारजण मिळून करू लागले, की पाचव्याला त्यात समाजसेवा दिसते. फेब्रुवारीत दीडशे किलोमीटरची सायकलफेरी काढायची, लोकांकडून किलोमीटरमागे देणगी घ्यायची आणि त्या पैशांतून आसपासच्या खेड्यांतल्या, हायस्कूलला चालत जाणाऱ्या मुलींना साध्या सायकली घेऊन द्यायच्या, असे ठरले. लोकांना हुरूप यावा म्हणून सरावाच्या शनिवार-रविवारचे किलोमीटरही धरायचे ठरले.

कारण उत्तम होते, यात वाद नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्या त्यामुळे जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढल्याचे दिसले. शाळा आणि घर यांमधले अंतर पुष्कळदा डोक्यातले नसते, रस्त्यावरचे असते. ते दोन चाकांनी मिटते.

मला सायकल येते का, हे कोणी विचारलेच नाही. मी बँकेत आहे म्हणून मला खजिनदार केले, आणि खजिनदार घरी बसलेला बरा दिसत नाही म्हणून सायकलीवर बसवले. सायकल डॉक्टरांच्या मुलाची. तो शिकायला पुण्याला गेला आणि ती मागे राहिली. तिला एकवीस गिअर होते. त्यांतले तीन मला समजले आणि एक मानवला. तिची किंमत ऐकल्यावर मी मनातल्या मनात भागाकार केला: त्या पैशांत मुलींच्या साध्या सायकली सहा-सात तरी आल्या असत्या. हा भागाकार मी बोलून दाखवला नाही. खजिनदाराने सगळेच भागाकार बोलून दाखवायचे नसतात.

मग मी देणगीदार गोळा करायला निघालो. शिपायाने किलोमीटरला एक रुपया कबूल केला, सासऱ्यांनी पाच, शाखाधिकाऱ्यांनी पाच. आमच्या सौ.नी अकरा रुपये लिहायला सांगितले. एवढे कशाला, असे विचारले तर म्हणाल्या, "दोन दिवस घरात नसाल, त्याचे." शेवटी मोंढ्यातल्या एका ओळखीच्या आडत्यांकडे गेलो. त्यांनी गादीवर बसवले, चहा सांगितला आणि सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे सायकल तुम्ही चालवणार?"

"हो."

"पैसे मी द्यायचे?"

"हो."

"आणि सायकल त्या पोरीला मिळणार?"

"अगदी बरोबर."

"मग तुम्ही मधी कामून?"

मी चहा प्यालो. ज्या गृहस्थांचा सारा जन्म शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये बसण्यात गेला, त्यांनीच हा प्रश्न विचारावा, यातली गंमत मला घरी आल्यावर सुचली. पण प्रश्न बिनतोड होता. त्यांच्याकडे पैसे आहेत, तिला सायकल हवी आहे. यात माझ्या पायांत गोळे येण्याचा संबंध काय? मी ताडकळसपर्यंत गेलो काय किंवा गच्चीत पेपर वाचत बसलो काय, त्या मुलीच्या सायकलीच्या चाकाला त्याने काय फरक पडतो?

आमच्या प्राध्यापकांना विचारले. प्राध्यापकाला प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, संदर्भ मिळतो. ते म्हणाले, ऑलिव्होला आणि शफीर या दोन संशोधकांनी २०१३ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले आहेत. मदतनिधीसाठी सहलीसारखा मजेचा कार्यक्रम ठेवला तर लोक कमी द्यायला तयार होतात, पाच मैल धावण्यासारखा त्रासाचा ठेवला तर जास्त. याला म्हणे ‘हौतात्म्याचा परिणाम’ म्हणतात. मी आडत्यांना फोन करून हे कळवले. ते म्हणाले, "पण तिथं पळणारा न् देणारा एकच असंल. इथं हुतात्मा तुम्ही न् देणगी माझी." थोडे थांबून म्हणाले, "बरं, लिहा दहा रुपये किलोमीटर. पण चालवा मात्र. तुमचं पोट बघून मला काही जास्त भुर्दंड पडंल असं वाटत न्हाई."

सगळे देणगीदार मिळून किलोमीटरला चाळीस रुपये झाले. म्हणजे मी एक किलोमीटर गेलो की चाळीस रुपये. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हलण्याला कोणी किंमत लावली होती.

शनिवारी पहाटे साडेपाचला गंगाखेडच्या रस्त्याला लागलो. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. जानेवारीतली थंडी, दोन्ही बाजूंना ज्वारी, आणि मागच्या बाजूला गादी शिवलेली चड्डी. (या चड्डीबद्दल सौ. जे बोलल्या ते छापण्यासारखे नाही.) गुरुजींनी आम्हाला एकामागे एक असे लावले. पुढचा वारा कापतो, मागच्याचे श्रम चांगले पाव हिश्शाने तरी वाचतात, हे त्यांनी समजावून सांगितले. मला ते लगेच समजले. बँकेतही मी बावीस वर्षे असाच कोणाच्या तरी मागे आहे. दैठण्याला चहा झाला. आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी याच रस्त्याने पंढरपूरला जाते. वारकरी हे अंतर पायी जातात, आणि त्यांना किलोमीटरमागे कोणी काही देत नाही. हा विचार मी बशीत फुंकर मारून उडवून लावला.

गंगाखेडला गोदावरी पाहिली, जनाबाईला हात जोडले आणि परत फिरलो. त्या रात्री एक नवे ज्ञान मला झाले: सायकलीमुळे दुखणारा भाग आणि बसायला लागणारा भाग एकच असतो. मी पालथा झोपलो.

रविवारी पिंगळीवरून ताडकळसला जाऊन परत यायचे होते, पन्नास किलोमीटर. जाताना गुरुजींच्या मागे लपून निभावले. परतीच्या वाटेवर मात्र गुडघ्यांनी असहकार पुकारला. मंडळी दोनदा माझ्यासाठी थांबली. आपल्यासाठी थांबलेल्या माणसांइतके अपमानास्पद दृश्य दुसरे नाही. ती हसतमुख असतात. तिसऱ्यांदा मीच म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं. मी पिंगळीला चहा घेऊन सावकाश येतो." गुरुजी नको म्हणत होते, पण मी हट्ट धरला. मोठेपणाने घेतलेल्या निर्णयांचे पुढे काय होते, ते पाहा.

पिंगळी हे परभणी आणि पूर्णा यांच्यामधल्या रेल्वेलाइनीवरचे स्टेशन. बहुतेक एक्स्प्रेस गाड्या तिथे न थांबता धडधडत निघून जातात. गाव शहाणे आहे. जाणाऱ्या गाडीकडे मान वर करूनही पाहत नाही. मी हॉटेलच्या बाकड्यावर बसलो, म्हणजे बसण्याचा प्रयत्न केला, आणि एका चहाचे दोन चहा केले. इतक्यात कांद्याची पोती घेतलेला एक टेम्पो समोर थांबला. चालक आमच्या बँकेचे खातेदार.

"साहेब, तुम्ही? काय करायलेत इथं? पंक्चर झाली का?"

"नाही."

"मग?"

या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हते.

"बसा की. परभणीलाच चाल्लोय. सायकल टाकू माघं पोत्यावर."

मी दोनदा ‘नको, नको’ म्हणालो, हे मला इथे नोंदवून ठेवायचे आहे. पण पंगतीत लाडू वाढणाऱ्याला माहीत असते, तसे त्यांनाही माहीत होते, की मराठीत पहिल्या दोन ‘नको’ला अर्थ नसतो. तिसरा मी म्हणालो नाही. पुढची जागा सामानाने भरली होती, म्हणून मागे कांद्याच्या पोत्यावर बसलो. इतके मऊ आसन त्या दोन दिवसांत मला भेटले नव्हते. पिंगळी मागे पडली. नऊ किलोमीटर कसे गेले, कळले नाही.

शहर लागायच्या अलीकडे मी टेम्पोच्या टपावर थाप मारली.

"इथं कामून? घरापर्यंत सोडतो की."

"नको. इथंच बरं."

हा ‘नको’ मात्र खरा होता. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा सायकलीकडे, एकदा रिकाम्या रस्त्याकडे पाहिले आणि काही न बोलता सायकल उतरवून दिली. ते गेल्यावर मी बाटलीतले पाणी तोंडावर आणि शर्टावर मारले. उन्हामुळे मारले, असे मी स्वतःला सांगितले.

उरलेले अंतर मी चालवले. मंडळी नुकतीच पोहोचली होती. मला पाहताच टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी माझा मोबाईल घेतला. त्यातल्या ॲपने सगळे अंतर इमानाने मोजून ठेवले होते, कांद्याच्या पोत्यावरचेसुद्धा. त्या बिचाऱ्याला मी हललो एवढेच कळत होते, कशाने हललो ते नाही. उलट त्याने मला एक पदक दिले होते: पिंगळीपासून पुढे, आजवरचा सर्वांत जलद टप्पा! "शेवटी शेवटी काय मारलीत हो!" डॉक्टर म्हणाले. गुरुजींनी तर मला मिठीच मारली. त्यांच्या शर्टाला घामाचा वास येत होता. माझ्या शर्टाला येत नव्हता, पण अशा वेळी कोण वास घेतो?

रात्री वही उघडली. शनिवार, ऐंशी. रविवार, ॲपप्रमाणे पन्नास. एकशे तीस गुणिले चाळीस, पाच हजार दोनशे रुपये. यांतले नऊ किलोमीटर माझे नव्हते. म्हणजे तीनशे साठ रुपये जास्त. मजा अशी, की मला खोटे बोलायचे नव्हतेच. खोटे आधीच बोलून झाले होते, तेही एका यंत्राने. मी फक्त गप्प बसायचे होते.

गप्प बसण्याच्या बाजूने माझ्याकडे भरभक्कम मुद्दे होते. पहिला: तीनशे साठ रुपयांत एका सायकलीचे टायर-ट्यूब येते. माझ्या सचोटीपायी एखाद्या पोरीने बिनटायरची सायकल ढकलायची काय? दुसरा: गुरुजींच्या मागे राहून मी पाव हिस्सा श्रम वाचवले, ते कोणी वजा केले? वाऱ्याची मदत चालते आणि डिझेलची का चालू नये? तिसरा मुद्दा गंगाखेडचाच. जनाबाईचे दळण विठ्ठलाने दळू लागले. म्हणून त्या पिठातून विठ्ठलाच्या वाट्याचे पीठ कोणी काढून ठेवले काय? आणि चौथा, सगळ्यांत जड. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होते. स्वतः बाबा सत्तरी ओलांडलेले. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांना बसणे शक्य नव्हते, एकतर उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे. ते वाहनातून, आडवे पडून गेले. म्हणून ती यात्रा खोटी होती, असे कोणी म्हणेल काय?

इथे माझी लेखणी अडली. कारण बाबा वाहनातून गेले, हे साऱ्या देशाला माहीत होते. त्यांनी शहराच्या अलीकडे उतरून तोंडावर पाणी मारले नव्हते. जनाबाईनेही विठ्ठल दळू लागतो हे लपवले नाही; उलट गावभर सांगितले, म्हणून तर आपल्याला कळले. गुरुजींच्या मागचा वारा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी खाल्ला. म्हणजे पाप टेम्पोत बसण्यात नव्हते. टेम्पोतून अलीकडे उतरण्यात होते.

आणि मग मला त्या बांगड्या आठवल्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी आमच्या शाखेत चार बांगड्या ठेवून सोनेतारण कर्ज घेतले. घरात लग्न होते. लग्न झाले, हप्ते वेळेवर आले, व्याजासकट सगळे कर्ज फिटले. पुढच्या वर्षी तेच गृहस्थ त्याच बांगड्या घेऊन पुन्हा आले. या वेळी सराफ नवा होता. त्याने बांगडी जरा जास्त घासली आणि खालचे पितळ दिसले. गृहस्थ शरमले नाहीत, चिडले. म्हणाले, "मागचं सगळं कर्ज फेडलं की! बँकेचा एक पैसा तरी बुडवला का?" खरेच बुडवला नव्हता. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्यात दोन तट पडले. मी तरुण होतो. मी त्या गृहस्थांच्या बाजूने होतो. हेडकॅशियर डबा बांधता बांधता म्हणाले, "पैसे बुडले नाहीत, खरं. पण आपण वर्षभर तिजोरीत पितळ ठेवून निवांत झोपलो. ती झोप कुणी परत द्यायची?"

आडत्यांच्या ‘तुम्ही मधी कामून?’चे उत्तर मला रात्री अकरा वाजता मिळाले. मी मध्ये होतो तो तारण म्हणून. देणारा पैसे त्या मुलीला देतो. पण ती मुलगी त्याने पाहिलेली नाही, तिचे गाव पाहिलेले नाही. त्याने मला पाहिले आहे. ज्या कामासाठी हा सुस्त कारकून गंगाखेडपर्यंत सायकल मारतो, ते काम खरे असले पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब. विनोबा १९५१ साली तेलंगणात हिंडत होते, तेव्हा १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या रामचंद्र रेड्डींनी त्यांना शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदान सुरू झाले. तेव्हा पोचमपल्ली आणि आमची परभणी एकाच हैदराबाद राज्यात होती. विनोबांकडे कायदा नव्हता, पैसा नव्हता. वर्ध्याकडून पायी चालत आलेले दोन पाय होते. शंभर एकर त्या पायांच्या तारणावर मिळाले, असे मला वाटते. ते पाय मोटारीतून उतरून गावाच्या वेशीपासून चालू लागलेले असते, तरी जमीन कदाचित मिळाली असती. पण ते पितळ झाले असते.

माझा घाम ही काही देणगीची किंमत नव्हती. किंमत असती, तर नऊ किलोमीटर कमी-जास्त चालले असते; भाजीवाली दोन मिरच्या इकडेतिकडे करतेच. तो तारण होता. आणि तारणाला मुलामा चालत नाही. मी तर पाण्याचा दिला होता.

मी पन्नास खोडले आणि एक्केचाळीस लिहिले. एकूण एकशे एकवीस. शेजारी सही केली.

हे सांगायला सौ.ना उठवले. त्या कूस न बदलता म्हणाल्या, "माहीत आहे मला. शर्ट पुढून ओला होता, पाठीवर कोरडा. आणि त्या गादीच्या चड्डीला कांद्याचं साल चिकटलेलं होतं." बँकेने सराफ उगाच नेमला, असे माझे तेव्हापासून मत झाले आहे.

दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन केले. सासरे म्हणाले, "पंचेचाळीस रुपये कमी झाले," आणि फोन ठेवला. शिपाई म्हणाला, "साहेब, नऊ रुपयांसाठी एवढं कशाला?" आडते मात्र बराच वेळ हसले. मग म्हणाले, "तीस वर्षं झाली मोंढ्यात. माझं पोतं कमी भरलंय असं सोताहून सांगणारा आजवर आला न्हाई. नव्वद रुपये कमीच देणार मी, हां. पण एक सांगतो, काल मी तुमचे एकशे तीस ऐकले न् मनात निम्मे धरले होते. आता एकशे एकवीस धरतो."

हे ऐकून मी थोडा फुगलो होतो, तोवर संध्याकाळी मंडळींची बैठक झाली. मी उभे राहून सगळे सांगितले. गुरुजी काही बोलले नाहीत. मग कापडवाले खाकरले आणि म्हणाले, शनिवारी चार किलोमीटर त्यांनीही मोटारसायकलला धरून काढले होते. प्राध्यापकांना आठवले, की रविवारी ॲप बंद करायचे राहिले आणि ते तसेच स्कूटरवरून सासुरवाडीला गेले, सहा किलोमीटर. माझे नऊ धरून एकोणीस. सगळे मिळून साडेसातशे रुपयांच्या आसपास गेले. डॉक्टर जरा रागानेच म्हणाले, "झालं समाधान? तुमच्या सगळ्यांच्या खरेपणाचे पैसे त्या मुलींनी भरले."

हे खरे होते. सत्यासाठी किंमत मोजावी लागते असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा ती कोणाच्या खिशातून जाते हे क्वचितच पाहतो. मी रात्री वहीत खाडाखोड करून शांत झोपलो होतो; टायर मात्र दुसऱ्याच कोणाचे गेले होते. कॅश कमी भरली तर ती कॅशियरने भरायची असते. मी फक्त आकडा दुरुस्त केला होता, भरणा केलाच नव्हता.

पुढच्या शनिवारी सुट्टी होती. सकाळीच त्या टेम्पोवाल्यांना गाठले.

"पिंगळीला सोडाल का? सायकलीसकट?"

"बसा की. तिथून कुठं?"

"परत इथं."

"मग इथंच थांबा की, साहेब!"

यात तर्काची चूक काही नव्हती. तरी त्यांनी सोडले, पैसे घेतले नाहीत, आणि बरोबर त्याच हॉटेलसमोर उतरवले. मी चहा न घेता निघालो. चहाशी माझे जुने वैर नाही, पण पिंगळीचा चहा मला मानवत नाही.

शनिवारची सकाळची शाळा. गावाबाहेर पडतो तोच मागून घंटी वाजली. पाच-सहा मुली, साध्या लेडीज सायकली, कॅरिअरला दप्तरे. एकीच्या मागे तर दप्तर आणि धाकटा भाऊ दोन्ही. बोलत बोलत, हसत हसत त्या माझ्या एकवीस गिअरना ओलांडून गेल्या. शेवटची जरा रेंगाळली. माझ्या गुडघ्यांकडे पाहून म्हणाली, "काका, सीट लई खाली हाय तुमची. वर घ्या. न्हाईतर गुडघे दुखत्यात."

आणि ती निघून गेली.

मी उतरलो. सीट चार बोटे वर घेतली. गंगाखेड, दैठणे, ताडकळस, गुरुजींचा वारा, कांद्याचे पोते आणि रात्री अकरापर्यंतचे तत्त्वज्ञान, या सगळ्यांच्या मुळाशी ती चार बोटे होती. मला एवढे सगळे सुचले, सीट सुचली नव्हती. बाकीचा रस्ता सायकल अशी चालली, की नऊ किलोमीटर कधी संपले ते कळले नाही. या खेपेला खरोखरच कळले नाही.

घरी येऊन वही काढली. ‘पिंगळी ते परभणी, ९ किमी, स्वतः.’ आडत्यांना फोन करून नव्वद रुपये पुन्हा मांडायला सांगितले. ते म्हणाले, "मांडलेलेच हायत. मी खोडले नव्हते." मग बँकेच्या सवयीने पानाच्या तळाशी रेघ मारली आणि खाली लिहिले: फरक, निरंक.